चाळीस नमुने चालवले, तरी कोऱ्या फाईलसमोर हात का थांबतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, घर मालवणजवळ, आणि मामांच्या काजू कारखान्यासाठी खरेदी-पावतीचा छोटा प्रोग्रॅम करून द्यायचा शब्द दिलेला. त्यासाठी पायथनच्या टीकेइंटरचे (खिडक्या, बटणं करायचं साधन) चाळीसेक नमुना प्रोग्रॅम उतरवून घेतलेत, सगळे चालवलेत, सगळे चाललेही. पण कोरी फाईल उघडली की पहिल्या चार ओळींपुढे काही सुचत नाही. म्हणून विचारताय की आणखी चांगले नमुने कुठले, आणि टीकेइंटर सोडून थेट क्यूटीच (तशाच कामाचं दुसरं साधन) शिकू का.

मी रत्नागिरीत राहून वीसेक वर्षं आंबा बागायतदार, मासळी खरेदीदार, पतपेढ्या अशांसाठी असेच लहान प्रोग्रॅम करते. जून-जुलैत मासेमारी बंद, आंबा संपलेला, त्यामुळे माझ्याकडेही काम कमी असतं आणि दर पावसाळ्यात दोन-तीन मुलं शिकायला येऊन बसतात. त्यातली बहुतेक नेमकी तुमच्याच जागी अडकलेली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नमुन्यांबद्दल. तुमच्याकडचे चाळीस बहुधा 'हे बटण असं दिसतं, ही यादी अशी दिसते' या जातीचे असणार. ते कॅटलॉग आहेत. टीके (टीकेइंटरच्या मुळाशी असलेलं साधन), जीटीके, डब्ल्यूएक्सपायथन अशा सगळ्यांबरोबर असे डेमो येतात आणि ते कामाचेही असतात, पण शब्दकोशासारखे. शब्दकोश पाठ करून कुणाला पत्र लिहिता येत नाही. अमुक वस्तू दिसते कशी हे त्यात कळतं. प्रोग्रॅममध्ये आकडे कुठे ठेवायचे, कोणी कोणाला हाक मारायची, खिडकी मोठी केली तर काय व्हायचं, हे कळत नाही. कोऱ्या फाईलसमोर तुम्ही अडता ते या प्रश्नांवर, बटणावर नव्हे.

म्हणून मी मुलांना पाच-सहाच नमुने देते, आणि तेही स्वतः लिहायचे. क्रम बराचसा 'सेव्हन गुईज' नावाच्या सात कामांच्या संचावरून घेतलाय: मोजणी, तापमानाचं रूपांतर, विमानाचं तिकीट, टायमर, नावांची यादी, वर्तुळं काढणं आणि स्प्रेडशीट. कामं उत्तम निवडलेली आहेत, पण आमच्याकडच्या मुलाला फॅरनहाइटचं काय कौतुक? म्हणून विषय मी इथले घालते.

पहिला नमुना अगदी क्षुल्लक. एक खिडकी, एक आकडा, एक बटण. बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. मात्र 'मेनलूप' या शेवटच्या ओळीच्या खाली एक प्रिंटची ओळ टाका आणि ती कधी छापली जाते ते बघा. खिडकी बंद करेपर्यंत छापली जात नाही. हे का, ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की निम्मं काम झालं.

मी मुलांना असं सांगते: आतापर्यंत तुम्ही लिहिलेले प्रोग्रॅम पंगतीसारखे होते. आधी मीठ, मग लिंबू, मग कोशिंबीर. वाढप्याने ठरवलेला क्रम, पानावर बसलेल्याने गप्प जेवायचं. खिडकीवाला प्रोग्रॅम खाणावळीसारखा. मालक गल्ल्यावर बसून असतो, गिऱ्हाईक हाक मारेल तसा उठतो. मेनलूप म्हणजे ते गल्ल्यावर बसून राहणं. तुम्ही फक्त आधी सांगून ठेवायचं की अमक्याने हाक मारली तर हे करायचं. म्हणूनच बटणाच्या 'कमांड'मध्ये फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस नाही. कंस दिलात तर गिऱ्हाईक यायच्या आधीच मासे तळून ठेवल्यासारखं होतं: खिडकी उघडतानाच काम एकदा होऊन जातं आणि नंतर बटण दाबलं तरी काहीच होत नाही. ही चूक प्रत्येकाच्या हातून होते. मुद्दाम करून बघा, म्हणजे पुढे ओळखता येईल.

दुसऱ्या नमुन्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला लावते. भरतीची वेळ. आपल्याकडचा जुना ठोकताळा तुम्हाला ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. दिवसातून दोनदा भरती, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्हींना तोच हिशोब. तर खिडकीत तिथी भरायची एक जागा, खाली वेळ दाखवणारी एक ओळ. एवढंच करायचं.

यात मजा पुष्कळ आहे. पहिलाच घोटाळा होतो तो एकादशीला. अकरा गुणिले पाऊण म्हणजे ८.२५, आणि मुलं खिडकीत सरळ '८.२५' छापतात. वाचणाऱ्याला ते आठ वाजून पंचवीस मिनिटं वाटतं; खरी वेळ सव्वाआठ. म्हणून तास नकोतच, मिनिटांत करा: तिथी गुणिले ४५, मग ६० ने भागून तास आणि उरलेली मिनिटं. प्रतिपदेला तास शून्य येतो, तिथे १२ दाखवा.

आता हा हिशोब वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा, आणि त्या फंक्शनला खिडकी आहे हे माहीतही नसू दे. त्याने तिथी घ्यायची, मिनिटं परत द्यायची. खिडकी न उघडता, नुसतं पायथन सुरू करून १ ते १५ सगळ्या तिथी तपासता आल्या पाहिजेत. हे जमलं की उद्या क्यूटी घ्या नाहीतर वेबपान करा, हिशोब तसाच उचलून नेता येतो. (पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीतही चालतं. भरतीची_वेळ असं बिनधास्त लिहा. आणि कुणी खिडकीत '११' देवनागरी आकड्यांत टाइप केलं तरी 'इंट' ते बरोबर ओळखतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.)

मग कुणीतरी तिथीच्या जागी 'अष्टमी' असं लिहील, किंवा ती जागा रिकामी ठेवील. तेव्हा काय दाखवायचं? मुलं लगेच चेतावणीची खिडकी उघडतात. प्रत्येक अक्षर टाइप करताना अशी खिडकी पुढ्यात उभी राहिली तर माणूस वैतागेल. जागेचा रंग बदला, उत्तराच्या ओळीत नुसती रेघ दाखवा, पुरे.

शेवटी, टाइप करायच्या जागेऐवजी सरकपट्टी लावा, टीकेइंटरमध्ये तिला 'स्केल' म्हणतात. ती १ पासून १५ पर्यंत हळूहळू सरकवा. वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे जाते. पौर्णिमेला येते सव्वाअकरा. आता दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, पट्टी परत १ वर: पाऊण वाजता. म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. पंधरा तिथींत बारा तास भरायचे तर तिथीमागे ४८ मिनिटं हवीत. पाऊणपट हा होडीत बसून तोंडी करायचा हिशोब, तिथे चार-पंचमांश कोण करत बसणार? ठोकताळा चुकीचा नाही, मोघम आहे. अचूक वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच बघायचं. पण गंमत अशी की कागदावर वर्षानुवर्षं कुणाला ही उडी टोचत नाही आणि सरकपट्टीवर ती दोन सेकंदांत दिसते. खिडकी कशासाठी करायची, हे मला स्वतःला या नमुन्यात कळलं.

तिसरा नमुना मांडणीचा. मामांचीच पावती घ्या: नाव, तारीख, काजू बीचं वजन, दर, रक्कम. कोड लिहायच्या आधी चौकटीच्या वहीवर पेन्सिलीने आखा. मग 'ग्रिड' (ओळी-रकान्यांत मांडायची सोय) वापरून मांडा आणि खिडकी कोपऱ्याला धरून मोठी करा. सगळं डाव्या कोपऱ्यात आक्रसून बसलं तर 'वेट' आणि 'स्टिकी' या दोन गोष्टी वाचा. नावाचा रकाना रुंद व्हावा आणि तारखेचा होऊ नये, एवढं साधलं की थांबा. 'पॅक' (एकाला लागून एक रचायची सोय) आणि 'ग्रिड' एकाच चौकटीत एकत्र करू नका. वेगवेगळ्या चौकटींत चालतात.

याच नमुन्यात काजूगराच्या प्रतीची बटणं लूप फिरवून करा: डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० वगैरे (एका पाउंडात साधारण किती गर बसतात त्यावरून ही नावं, हे तुम्हाला घरचंच आहे). कोणतंही बटण दाबा, शेवटचीच प्रत निवडली जाईल. बटणाला दिलेलं लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) आतला चल बटण दाबताना वाचतं, बनवताना नाही, म्हणून हे होतं. लॅम्डाला ती किंमत डीफॉल्ट म्हणून द्या. मी यावर पहिल्यांदा अख्खी दुपार घालवली होती.

चौथा नमुना यादीचा: गावांतल्या शेतकऱ्यांची नावं, नवं घालणं, बदलणं, काढणं, शोधणं. इथे एकच गोष्ट शिकायची: पडद्यावर दिसणारी यादी म्हणजे तुमची माहिती नव्हे. माहिती तुमच्या पायथनच्या यादीत किंवा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये असते, पडद्यावर तिची सावली. माझ्या सुरुवातीच्या एका प्रोग्रॅममध्ये पडद्यावर नावं आडनावाप्रमाणे लावली होती आणि 'काढा' बटण ओळीच्या क्रमांकावरून मूळ यादीतलं नाव उडवत होतं. भलत्याच बागायतदाराचं खातं गेलं. तो सज्जन होता, चहा पाजून त्याने मला आकडे परत सांगितले. तेव्हापासून प्रत्येक ओळीला माझा स्वतःचा क्रमांक देते. टीकेइंटरच्या 'ट्रीव्ह्यू' या यादी दाखवणाऱ्या वस्तूत त्याची सोय आहे.

पाचवा नमुना मात्र टाळू नका, कारण तयार नमुन्यांत तो क्वचित सापडतो आणि खऱ्या कामात पहिल्याच आठवड्यात भेटतो. एक बटण करा, त्याच्या फंक्शनमध्ये दहा सेकंदांची 'स्लीप' टाका. बटण दाबा आणि खिडकी हलवायचा प्रयत्न करा. गोठते. गल्ल्यावरचा मालक स्वतःच मागे भांडी घासायला गेला, आता हाका कोण ऐकणार?

जेटीजवळच्या एका मासळी खरेदीदारासाठी मी असाच प्रोग्रॅम दिला होता. इलेक्ट्रॉनिक काटा केबलने कॉम्प्युटरला जोडलेला. 'वजन घ्या' दाबलं की काट्याकडून आकडा येईपर्यंत प्रोग्रॅम थांबायचा, आणि काटा आकडा पाठवायचा तो वजन स्थिर झाल्यावर. घरी टेबलावर सगळं सुरळीत होतं. तिथे ओला क्रेट, हलणारी फळी, काटा स्थिर होईना. खिडकी पांढरी पडली. मुनीम काकांनी बटण पुन्हा दाबलं, मग आणखी पाच वेळा दाबलं, शेवटी चिडून एकदा. मग काटा स्थिर झाला आणि बांगड्याच्या एका क्रेटच्या आठ पावत्या बाहेर आल्या. गोठलेल्या काळातले क्लिक वाया जात नाहीत, रांगेत थांबतात आणि सुटका झाली की एकामागून एक अंमलात येतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं, कळलं मात्र त्या दिवशी.

उपाय तीन पायऱ्यांचा, आणि तिन्ही तुमच्या नमुन्यात याव्यात. दाबल्याक्षणी बटण निष्क्रिय करा. वाट बघायचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यात) द्या, पण त्या थ्रेडने खिडकीतल्या कशालाही हात लावायचा नाही. मिळालेला आकडा 'क्यू'मध्ये (रांगेत) टाकून गप्प बसायचं. आणि खिडकीने 'आफ्टर' वापरून दर १०० मिलिसेकंदांनी त्या क्यूत डोकवायचं. 'आफ्टर' हा स्लीपचा भाऊ वाटतो, पण स्वभाव उलटा: तो थांबत नाही, 'थोड्या वेळाने मला हाक मार' असं सांगून लगेच परत येतो. त्यालाही फंक्शनचं नाव कंसाशिवाय द्यायचं. 'आफ्टर' हातात बसला की दर अर्ध्या मिनिटाला आपोआप जतन करणंही जमेल. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाते ते सांगायला नको.

सहावा हौसेचा. कॅनव्हासवर (चित्र काढायच्या जागेवर) हापूसची बाग आखायची: दहा बाय दहा मीटरवर कलम, म्हणजे हेक्टरी १०० झाडं. क्लिक केलं की झाड लागतं, उजवं क्लिक केलं की निघतं, आणि 'मागे घ्या' बटण. ते शेवटचं बटण करताना प्रत्येक कृती कुठेतरी लिहून ठेवावी लागते, तिथेच खरा अभ्यास आहे. स्प्रेडशीट आत्ता सोडून द्या.

तर क्रम असा: मोजणी, भरती, पावतीची मांडणी, नावांची यादी, गोठणारी खिडकी, आणि वेळ उरला तर बाग. प्रत्येकाला एक-दोन संध्याकाळी. प्रत्येक नमुना चालल्यावर फाईल बंद करा आणि दुसऱ्या दिवशी न बघता कोऱ्या फाईलीतून परत लिहा. अडलात तर बघा, पण कुठे अडलात ते वहीत लिहा. तुमचे चाळीस नमुने तेव्हा काढा, शब्दकोशासारखे.

आता क्यूटीचा प्रश्न. याला एकच उत्तर नाही. मामांच्या ऑफिसात एक विंडोजचं मशीन असेल आणि पावती, यादी, बेरीज एवढंच काम असेल, तर टीकेइंटर पुरेसं आहे. पायथनबरोबरच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. पायथनचा आयडल एडिटर त्याच्यातच लिहिलेला आहे. टीके १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं, जॉन ऑस्टरहाउट यांनी केलेलं, त्यामुळे जुने नमुने जुनाट दिसतात. २००७ मध्ये आलेल्या टीके ८.५ पासून 'टीटीके' नावाचे नवे विजेट (बटण, यादी असे खिडकीतले घटक) आले, तेच वापरा. एखाद्या नमुन्यात त्यांचा पत्ता नसेल तर तो नमुना जुन्या पद्धतीचा समजा.

दोन बाबतीत मात्र मी क्यूटी घेते. एक, मशीन लिनक्सवर असेल आणि खिडकीत मराठी हवी असेल. माझ्या लिनक्स मशीनवर टीकेने जोडाक्षरं तोडली आणि 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या पलीकडे नेऊन ठेवली. विंडोजवर तोच प्रोग्रॅम नीट दिसला. क्यूटीत आणि जीटीकेत हा त्रास नाही. दुसरं, छपाई. क्यूटीत तिच्यासाठी तयार वर्ग आहेत. टीकेइंटरमध्ये मी पावती एचटीएमएल फाईल म्हणून लिहून ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथून छापते. गावठी इलाज, पण मुनीम लोकांना ब्राउझरचं प्रिंट बटण माहीत असतं. क्यूटी घेतलंत तर पायथनसाठी पायक्यूटी आणि पायसाइड असे दोन पर्याय दिसतील. वापरायला जवळजवळ सारखे, परवान्यात फरक: पायक्यूटी जीपीएल (प्रोग्रॅम देताना कोडही द्यायला लावणारा परवाना) किंवा पैसे भरून, पायसाइड एलजीपीएल या त्याहून सैल परवान्याखालीही मिळतं. मामांना कोड न देता प्रोग्रॅम पुढे दुसऱ्या कारखान्यांना विकायचा विचार असेल तर हे आधी वाचा. आणि मामांना पावती फोनवर हवी असेल, तर या दोघांपैकी कशातच पडू नका, सरळ वेबपान करा. हे त्यांना आजच विचारा.

मांडणी, यादी, गोठणं हे प्रश्न क्यूटीतही हेच आहेत, नावं वेगळी. 'कमांड'ऐवजी सिग्नल आणि स्लॉट, 'आफ्टर'ऐवजी क्यूटायमर. म्हणून वरचे पहिले पाच नमुने टीकेइंटरमध्ये झाले की दुसरा आणि पाचवा क्यूटीत परत लिहा, मग ठरवा.

मामांच्या प्रोग्रॅमला लगेच हात लावू नका. आधी एक दिवस त्यांच्या काट्याजवळ बसून हाताने पावत्या फाडा. तुम्ही आखलेल्या खिडकीत 'तारीख' पहिली असेल. तिथे कळेल की शेतकरी आधी पोतं काट्यावर टाकतो आणि नाव शेवटी सांगतो.

भरतीचा नमुना झाला की कोड इथे टाका. पंधरावरून एकवर जाताना ती दीड तासाची उडी तशीच ठेवलीत, की काही केलंत, ते मला बघायचंय.